न्यूमोनिया झालेल्या बाळाचं सोडियम कमी आलं तर: पालकांचे नेहमीचे प्रश्न

बाळ न्यूमोनियाने ॲडमिट होतं. एक्स-रे होतो, ऑक्सिजन लागतो, सलाईन चालू होतं आणि संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट हातात पडतो. त्यात एका ओळीपुढे खाली बघणारा बाण: सोडियम १२९. न्यूमोनिया हा शब्द आईवडिलांच्या ओळखीचा असतो, पण हे सोडियम मध्येच कुठून उपटलं ते कळत नाही. मी लहान मुलांची डॉक्टर आहे. हे प्रश्न मला वॉर्डाच्या दारात, जिन्यात, रात्री दोन वाजता विचारले जातात आणि तिथे उत्तरं घाईत दिली जातात. इथे सावकाश देते. हे सगळं महिन्याभराच्या पुढच्या आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांबद्दल आहे. नवजात बाळांचा हिशेब वेगळा असतो.

सोडियम कमी म्हणजे नेमकं किती कमी?

रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ असावं लागतं. रिपोर्टवर पुढे एमईक्यू किंवा एममोल लिहिलेलं असतं, सोडियमच्या बाबतीत दोन्हींचा आकडा एकच येतो. १३० ते १३४ म्हणजे थोडं कमी, १२५ ते १२९ मध्यम, आणि १२५च्या खाली गेलं की खूप कमी.

पण आकडा एकटा वाचू नका. तो किती वेगाने खाली आला हे तितकंच महत्त्वाचं असतं. दोनतीन दिवसांत हळूहळू १२८वर आलेलं मूल पलंगावर बसून खेळण्याशी झटत असतं, आणि काल १३८ असलेलं मूल आज १२४वर आलं की त्याला आकडी, म्हणजे झटके, येऊ शकतात. म्हणून डॉक्टर 'आधीचा रिपोर्ट आहे का' असं विचारतात. दुसऱ्या दवाखान्यातून आला असाल तर तिथला कागद, अगदी चुरगळलेला असला तरी, सोबत आणा.

आमच्या बाळाला वर्षापर्यंत मीठ दिलंच नाही. त्यामुळे झालं का?

नाही. हा प्रश्न बहुतेक आजी विचारतात आणि विचारताना सुनेकडे बघतात, म्हणून ठामपणे सांगते: बाळाला मीठ दिलं नाही म्हणून हे झालेलं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या जेवणात वरून मीठ घालायचं नसतं, आणि त्याला लागणारं सोडियम दुधातून आणि बाकीच्या खाण्यातून मिळतं.

न्यूमोनियात सोडियम कमी दिसतं त्याचं मुख्य कारण अंगात साठलेलं जास्तीचं पाणी. आमटी चार माणसांची केली आणि ऐन वेळी दोन पाहुणे आले, म्हणून तांब्याभर पाणी वाढवलं, तर ती अळणी लागते. मीठ पातेल्यात होतं तेवढंच आहे, पाणी वाढलंय. बाळाच्या रक्ताचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढची बरीच उत्तरं आपोआप उलगडतात.

फुफ्फुसाच्या आजारात पाणी का साठेल? मूल तर पाणीसुद्धा नीट पीत नव्हतं.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात सुटतं, अँटिडाययुरेटिक हार्मोन, ज्याला आम्ही एडीएच म्हणतो. मूत्रपिंडाला ते एकच निरोप देतं: पाणी सोडू नकोस. उन्हात खेळून घाम गाळलेल्या मुलाची लघवी गडद आणि थोडी होते ती याच निरोपामुळे. अंगातलं पाणी पुरेसं झालं की निरोप थांबतो.

न्यूमोनियात तो थांबत नाही. ताप, दुखणं, मळमळ, उलटी, रक्तातला कमी झालेला ऑक्सिजन, या प्रत्येकाने एडीएच वाढतं. शिवाय छातीत जे घडतं त्याचाही हात असतो. सुजलेल्या, हवा अडकून फुगलेल्या फुफ्फुसांतून हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त नेहमीइतकं पोचत नाही. तिथे रक्त किती भरलंय हे मोजणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना वाटतं की अंगातलं पाणीच आटलंय. ते तसं मेंदूला कळवतात आणि मेंदू आणखी एडीएच सोडतो. अंगात पाणी पुरेसं असताना शरीर दुष्काळ पडल्यासारखं वागू लागतं.

या प्रकाराला वैद्यकात एसआयएडीएच म्हणतात, म्हणजे गरज नसताना एडीएच सुटत राहणं. १९५७ मध्ये श्वार्ट्झ, बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग असलेल्या दोन रुग्णांवरून त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. फुफ्फुस आणि सोडियम यांची गाठ तेव्हापासून वैद्यकाला माहीत आहे.

हे क्वचित होतं का?

मुळीच नाही. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यूमोनियाने दाखल झालेल्या मुलांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. दाखल होताना साधारण चारातल्या एका ते तिघांतल्या एका मुलाचं सोडियम कमी होतं, आणि त्यातल्या बहुसंख्य मुलांत कारण एसआयएडीएच हेच होतं. ज्यांचं कमी होतं ती मुलं जास्त आजारी होती आणि त्यांना दवाखान्यात जास्त दिवस काढावे लागले. आरएसव्हीसारख्या विषाणूंमुळे बारीक श्वासनलिकांना सूज येते, त्या ब्राँकिओलायटिसमध्येही हेच दिसतं.

बहुतेक मुलांत घट थोडीच असते, १३० ते १३४च्या घरातली. १२५च्या खाली जाणारी थोडी, आणि आमची झोप उडवणारी तीच.

सोडियम कमी झाल्याने मेंदूला धोका, असं डॉक्टर म्हणाले. छातीच्या आजारात मेंदू कुठून आला?

रात्री मनुका पाण्यात टाकल्या की सकाळी टम्म फुगलेल्या असतात. बाहेर पातळ पाणी आणि आत दाट गर असला की पाणी आत शिरतं. रक्त पातळ झालं की शरीरातल्या पेशींचं तेच होतं, त्या थोड्या फुगतात. हातापायाच्या पेशी फुगल्या तर कळतही नाही. मेंदू मात्र कवटीच्या बंद डब्यात असतो, त्याला फुगायला जागा नसते. लहान मुलांच्या कवटीच्या मानाने मेंदू मोठा असतो, त्यामुळे जागा आणखी कमी. त्यात न्यूमोनियाने ऑक्सिजन कमी पडत असेल तर मेंदूला स्वतःला सावरणंही जड जातं. म्हणून या मुलांत आम्ही ऑक्सिजनकडे आणि सोडियमकडे एकाच वेळी लक्ष ठेवतो.

मी आई म्हणून काय बघू? यंत्रावर तर सोडियम दिसत नाही.

खरं आहे, मॉनिटरवर नाडी दिसते, ऑक्सिजन दिसतो, सोडियम दिसत नाही. बाळाकडे बघूनच संशय घ्यावा लागतो, आणि तिथे आईची नजर आमच्यापेक्षा तयार असते.

सुरुवातीला बाळ 'आपलं' वाटेनासं होतं. कारण नसताना किरकिर, मांडीवर घेतलं तरी न थांबणारी. उलट्या. मग चिडचिड ओसरते आणि मूल मलूल होतं. ताप उतरलाय, श्वास कालच्यापेक्षा बरा आहे, तरी बाळ डोळे उघडून बघत नाही, अंगावर लावलं तर दोनचार घोट घेऊन पुन्हा झोपतं. थोडं मोठं मूल डोकं दुखतं म्हणतं किंवा विचित्र बडबडतं. शेवटी आकडी.

मला आठवतं, एक आई राउंडच्या वेळी म्हणाली, 'तो सिस्टरना बघून रडत नाहीये.' आदल्या दिवशी पांढरा कोट दिसला की ते पोर पलंगाच्या कोपऱ्यात सरकत होतं. ऑक्सिजन ९६ होता, ताप नव्हता, कागदावर सगळं ठीक होतं. आम्ही रक्त पाठवलं, सोडियम १२३ आलं. त्या आईने बोलून दाखवलं नसतं तर आम्हाला ते आकडी आल्यावर कळलं असतं. 'शांत झोपलंय' आणि 'उठत नाहीये' यातला फरक तुम्हाला जाणवला तर भीड ठेवू नका, सिस्टरना लगेच हाक मारा.

आकडी आलीच तर?

दवाखान्यात असाल तर आधी मोठ्याने हाक मारा. बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, चमचा नको, बोट नको, पाणी नको. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, त्यात फक्त वेळ जातो. घड्याळ बघून ठेवा. घरी आली तरी हेच, आणि लगेच दवाखाना.

न्यूमोनियाच्या मुलाला आकडी आली म्हणजे ती सोडियमचीच, असं धरून चालत नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात नुसत्या तापानेही आकडी येते. साखर घसरलेली असू शकते, ऑक्सिजन कमी पडलेला असू शकतो. न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून मेनिंजायटिसही करतो. म्हणून डॉक्टर पाठीतलं पाणी तपासायला सांगतील. सोडियम १२४ मिळालं, कारण सापडलं, आता पाठीची सुई नको, असा हट्ट कृपा करून धरू नका. मेनिंजायटिसमध्येही सोडियम कमी होतं.

सलाईन चालू असताना सोडियम आणखी कसं घसरलं? सलाईनमध्ये तर मीठच असतं ना?

सगळ्या सलाईनमध्ये सारखं मीठ नसतं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण टाळता येण्याजोगा त्रास सगळ्यात जास्त इथेच होतो.

आपल्याकडे स्टँडवर टांगलेली कुठलीही बाटली म्हणजे सलाईन. प्रत्यक्षात आत काय आहे यावर सगळं ठरतं. 'नॉर्मल सलाईन' म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ, त्यात सोडियम १५४, रक्ताच्या जवळपास. रिंगर लॅक्टेटमध्ये १३०. पाच टक्के डेक्सट्रोज, ज्याला 'ग्लुकोजची बाटली' म्हणतात, त्यात सोडियम शून्य. शरीराने साखर वापरली की मागे उरतं निव्वळ पाणी. आणि लहान मुलांसाठी म्हणून वर्षानुवर्षं वापरात असलेल्या सलाईनमध्ये सोडियम लिटरला जेमतेम २५च्या आसपास असतं.

असं पातळ सलाईन मुलांना का देत आले? १९५७ मध्येच, म्हणजे एसआयएडीएचचं वर्णन झालं त्याच वर्षी, हॉलिडे आणि सीगर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी मुलांना दिवसाला किती पाणी लागतं याचं सोपं गणित मांडलं: पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोंना ५०, त्यापुढे २०. हे गणित आजही प्रत्येक बालरोग वॉर्डात तोंडपाठ असतं. सोडियम किती घालायचं हे त्यांनी आईच्या आणि गाईच्या दुधावरून काढलं, आणि ते थोडं आलं. ज्याची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकू शकतात त्या मुलाला हे चालतं. न्यूमोनियाच्या मुलात एडीएचने नेमकी तीच वाट बंद केलेली असते. वरून पातळ पाणी येत राहतं, खालून जात नाही, आणि आमटी दर तासाला अळणी होत जाते.

हे उमगायला बराच काळ गेला. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये रुग्णसुरक्षेच्या राष्ट्रीय यंत्रणेने असं पातळ सलाईन मुलांच्या सर्वसाधारण वॉर्डांतून काढून टाकायला सांगितलं. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१८ मध्ये २८ दिवस ते १८ वर्षं वयाच्या बहुतेक सगळ्या दाखल मुलांना रक्ताइतकं सोडियम असलेलंच सलाईन द्यावं, सोबत गरजेप्रमाणे ग्लुकोज आणि पोटॅशियम घालावं, अशी मार्गदर्शक सूचना काढली. आपल्याकडेही आता बरीच रुग्णालयं तसंच करतात. तरी जुनी सवय मोडायला वेळ लागतो.

म्हणून तुम्ही विचारायला हरकत नाही, विचारावंच: 'डॉक्टर, या बाटलीत सोडियम किती आहे? आणि दिवसाला एकूण किती मिली जाणार आहे?' चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

आणखी एक गोष्ट वॉर्डात सहज निसटते. अँटिबायोटिक दिवसातून तीनचार वेळा जातं, प्रत्येक वेळी ते वीसतीस मिली द्रवात मिसळलेलं असतं. तो द्रव ग्लुकोजचा असेल तर दिवसाअखेर शंभरेक मिली बिनसोडियमचं पाणी कुणी न मोजता आत गेलेलं असतं.

दोन दिवसांत बाळाचं वजन ३०० ग्रॅमने वाढलं. चांगलं लक्षण आहे ना?

मूल दोन दिवस धड जेवलेलं नाही, तर वजन वाढेल कशाने? ते पाणी आहे. नऊ किलोंचं बाळ रात्रीतून ९ किलो ३०० झालं, तर सिस्टर लगेच आम्हाला सांगतात आणि आम्ही सोडियम पुन्हा तपासतो.

रोज सकाळी, त्याच काट्यावर, दूध पाजायच्या आधी, उघड्या अंगाने वजन करायचं असतं. थंडीत बाळाला उघडं करायला आई तयार होत नाही, झबल्यावर स्वेटर, त्यावर दुपटं, मग काट्यावरचा आकडा निरर्थक ठरतो. दोन मिनिटांचं काम आहे, खोली बंद करून करू द्या. लघवी मोजण्यासाठी डायपरही वजन करूनच फेकतात. ओल्या डायपरचं वजन वजा कोऱ्या डायपरचं, जितके ग्रॅम तितके मिली. तेव्हा डायपर परस्पर कचऱ्यात टाकू नका.

पाणी कमी द्या म्हणाले. आजारी लेकराला पाण्यावाचून ठेवायचं?

पाण्यावाचून नाही, मोजून. एसआयएडीएच आहे आणि अंगातलं पाणी कमी झालेलं नाही, याची खात्री झाल्यावर डॉक्टर रोजच्या गरजेच्या साधारण दोनतृतीयांशावर आणतात. १० किलोंच्या मुलाला एरवी दिवसाला १००० मिली लागतं, त्याऐवजी ६५० ते ७००. सलाईन, दूध, पेज, औषधाचं पाणी, सगळं धरून.

अंगावरचं दूध बंद करायचं नसतं. श्वास फार जोरात चालू असेल, मिनिटाला ६०-७०, तर दूध श्वासनलिकेत जायची भीती असते, म्हणून थोडा वेळ नाकातून नळीने द्यावं लागतं. आईने तेवढ्या काळात दूध काढून ठेवावं, नाहीतर ते आटतं. थोडं मोठं मूल पाणी पाणी करत असेल तर ओठ ओले करा, चमच्याने थोडं थोडं द्या. आणि दिलेलं सांगा. भेटायला आलेल्या मावशीने कौतुकाने पाजलेली फळांच्या रसाची बाटली चार्टवर कधीच लिहिली जात नाही.

सगळ्यांना सरसकट पाणी तोडणंही चूक आहे. उलट्या-जुलाब झालेलं, डोळे खोल गेलेलं, जीभ कोरडी पडलेलं मूल आधी भरून काढावं लागतं. कुणाला द्यायचं आणि कुणाचं कमी करायचं हे बाळाला तपासूनच ठरतं, फोनवरून किंवा रिपोर्टच्या फोटोवरून ठरत नाही.

मग घरीच मीठ-साखरेचं पाणी दिलं तर सोडियम वाढेल ना?

असं करू नका. साधा हिशेब बघा. एका चहाच्या चमच्यात साधारण ५ ग्रॅम मीठ मावतं, त्यात सोडियम भरतं ८५च्या आसपास. आठ किलोंच्या बाळाच्या अंगात पाणी असतं पाच लिटरच्या आत. तो एक चमचा पोटात गेला तर रक्तातलं सोडियम सतराअठराने उडी मारू शकतं. न्यूमोनियाने नाही दगावलेलं मूल मिठाने दगावू शकतं, इतकं हे गंभीर आहे.

ओआरएस ही जुलाबासाठीची उत्तम गोष्ट आहे. एका लिटरच्या पाकिटात सोडियम ७५ असतं आणि ते अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचं असतं, अर्धं पेल्यात आणि अर्धं नंतर असं नाही. पण रक्ताच्या निम्मंच सोडियम असलेल्या ओआरएसने एसआयएडीएचमधलं पाणी बाहेर निघत नाही. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, त्याचाही उपयोग नाही.

चार महिन्यांच्या बाळाला वावडिंगाचं पाणी, जिऱ्याचं पाणी देतो. ते चालेल?

सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काहीही नको, उन्हाळ्यातसुद्धा पाणी नको. आपल्या घराघरांत वावडिंग उकळलेलं पाणी वाटीचमच्याने द्यायची रीत आहे आणि त्यामागे माया आहे, हे मी जाणते. पण इतक्या लहान बाळाची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी झटपट बाहेर टाकू शकत नाहीत. नुसतं पाणी जास्त झाल्याने धडधाकट बाळाचं सोडियम घसरून आकडी आल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. खोकला झाला म्हणून हीच वाटी दिवसातून चार वेळा भरली, आणि त्या बाळाला खरोखर न्यूमोनिया असला, तर दोन्ही बाजूंनी पाणी वाढतं. वरचं दूध पाणी घालून पातळ करणं, पावडरचं दूध डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाण्यात कालवणं, याचाही परिणाम तोच.

मोठ्या मुलाला खोकल्यात तहानेइतकं पाणी, कोमट सूप, पातळ मुगाची खिचडी द्या. 'छातीतला कफ सुटावा म्हणून भरपूर पाणी पाजा' या सल्ल्यामागे भक्कम पुरावा नाही. मागेल तेवढं द्या, बळेबळे नको.

सोडियम वाढवायचं असेल तर दवाखान्यात काय करतात?

१३०च्या वर असेल तर सोडियमसाठी वेगळं औषध सहसा लागत नाही. सलाईन योग्य, प्रमाण योग्य, न्यूमोनियावर अँटिबायोटिक आणि ऑक्सिजन चालू. फुफ्फुस सुधारू लागलं की एडीएचचा निरोप थांबतो, बाळ धो धो लघवी करतं आणि आकडा आपोआप वर येतो. एके सकाळी आई तक्रार करते की रात्रभरात सात डायपर बदलले. आम्हाला त्याच्याइतका आनंद दुसऱ्या कशाचा होत नाही.

आकडी आली असेल किंवा मूल बेशुद्धीकडे जात असेल तर थांबत नाहीत. ३ टक्क्यांचं दाट सलाईन, ज्यात लिटरला सोडियम ५१३ असतं, किलोमागे ३ ते ५ मिली, दहावीस मिनिटांत देतात. त्याने आकडा साधारण तीनचारने वर येतो आणि आकडी थांबायला बहुधा तेवढं पुरतं.

त्यानंतर मात्र घाई नाही. चोवीस तासांत ८ ते १०च्या वर चढवायचं नाही. कमी सोडियमची सवय झालेल्या मेंदूच्या पेशींतलं पाणी एकदम ओढून घेतलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला इजा होते, आणि ती भरून येईलच असं नाही. '१२० होतं, आज १२७च झालं, इतकं हळू का?' असं विचारणाऱ्या बाबांना मी हेच सांगते: हळू आहे म्हणून मी निश्चिंत आहे.

दिवसातून किती वेळा रक्त काढणार? लेकराच्या हातात जागा उरली नाही.

नेहमीच्या सलाईनवर असेल आणि आकडा बरा असेल तर साधारण दिवसातून एकदा. आकडी येऊन गेली असेल तर सुरुवातीला दर दोनचार तासांनी. मिलीभर रक्त लागतं. सोबत लघवीतलं सोडियमही तपासतात: रक्त पातळ असताना लघवी दाट आणि सोडियमने भरलेली असेल तर एसआयएडीएचकडे बोट जातं, लघवीत सोडियम नगण्य असेल तर अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही गेलेलं असायची शक्यता जास्त.

रिपोर्ट चुकूही शकतो. ज्या हाताला ग्लुकोजची बाटली चालू आहे त्याच हातातून वरच्या बाजूला रक्त घेतलं तर सोडियम खोटंच कमी येतं. आकडा आणि बाळ यांचा मेळ बसत नसेल तर दुसऱ्या हातातून पुन्हा तपासणं योग्यच आहे.

बाळ कुपोषित आहे, पायावर सूज आहे. त्याचंही हेच का?

इथे हिशेब उलटा होतो. मेळघाट, नंदुरबार, पालघरकडच्या डॉक्टरांना हे रोजचं आहे. तीव्र कुपोषणात रक्तात सोडियम कमी दिसतं, पण पेशींच्या आत ते नको इतकं साठलेलं असतं, आणि हृदय थकलेलं असतं. भराभर सलाईन लावलं तर फुफ्फुसात पाणी भरतं. अशा मुलांना नेहमीच्या ओआरएसऐवजी सोडियम कमी, ४५ असलेलं वेगळं द्रावण देतात, आणि उपचार पोषण पुनर्वसन केंद्रात किंवा मोठ्या रुग्णालयातच व्हावेत.

न्यूमोनिया साधा आहे, घरीच गोळ्या-औषध चालू आहे. सोडियम तपासून घेऊ?

मूल पितंय, खेळतंय, उलटी नाही, तर गरज नाही. पैसे वाचवा आणि श्वास मोजा. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. 'पोट उडतंय' असं आपण म्हणतो तेव्हा छातीच्या खालच्या फासळ्या श्वासासोबत आत ओढल्या जातात का, ते अंगडं वर करून बघा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या माणसांनाच श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवून न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी करून दाखवले, त्याचा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तुमच्या गावातल्या आशाताईंनाही श्वास मोजायचं शिक्षण दिलेलं असतं.

पिणं बंद झालं, घेतलेलं सगळं उलटून पडतंय, मूल सुस्त आहे किंवा आकडी आली, यातलं एक जरी झालं तर रात्र काढू नका.

न्यूमोनिया बरा झाला तरी सोडियम कमीच राहिलं तर?

मग दुसरं कारण शोधावं लागतं. फुफ्फुस सुधारल्यावर तीनचार दिवसांत आकडा जागेवर यायला हवा. न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो, वजन वाढत नाही, शौच तेलकट आहे, बाळाची पापी घेताना ओठांना खारट लागतं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आनुवंशिक आजारात घामातून मीठ जातं, त्याची घामाची तपासणी होते. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचे आजारही तपासावे लागतात, विशेषतः सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असेल तर.

पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून काही करता येईल?

सोडियमसाठी वेगळी काळजी नाही, न्यूमोनिया टाळायचा. न्यूमोकोकसची लस, पीसीव्ही, २०२१पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. न्यूमोनिया करणाऱ्या हिब या दुसऱ्या जंतूची लस पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीतच असते. गोवराचा डोस चुकवू नका, गोवरानंतरचा न्यूमोनिया वाईट असतो. घरात चुलीचा आणि बिडी-सिगारेटचा धूर नको.

डिस्चार्जच्या वेळी सोडियम १३४ आहे. घरी जाऊ का?

बाळ दूध ओढतंय, हसतंय, ऑक्सिजन काढून दिवस झाला, आणि आकडा चढत आलाय, तर जा. मीठ जास्त घालू नका, पाणी मोजू नका, नेहमीचं जेवण द्या. फेरतपासणीला बोलावलेल्या दिवशी या. त्या दिवशी पुन्हा रक्त काढायचं की नाही हे बाळाकडे बघून ठरवू. दारातूनच माझा कोट बघून भोकाड पसरलं तर बहुधा नाही काढणार.